दुधातनं गोळी

हातकणंगले
१८ ऑक्टोबर २००२

चि. सौ. बना हिला आक्काताईचा जय भीम.

आज मी रागात लिवतेय, आधीच सांगून ठेवते. फोन केला असता, पर बूथवर मागं चार माणसं उभी ऱ्हात्यात आणि आपली भांडणं फुकटात ऐकत्यात. म्हणून ही चिठ्ठी पिशवीत घालून दुधाच्या किटलीला बांधली. शिवलिंगआण्णा रोजच्यागत सकाळच्या गाडीनं गूळ मार्केटात कामाला जातील आणि कोल्हापूर स्टेशनावर किटली गुंडूच्या हातात देतील. माझा भाऊ असला तरी त्येला सांग, चिठ्ठी फोडायची न्हाई. ही नणंद-भावजयीतली गोष्ट हाय.

काल निशा घरी आलती. दारात उभी ऱ्हायली तर माझी मलाच लेक वळखू आली न्हाई. तोंड कणकेगत पांढरं, वठ पांढरं, चार पायऱ्या चढली तर भात्यागत धापा टाकाय लागली. पोलीस भरतीची तयारी कराय पोरगी तुझ्याकडं बावड्यात ठेवली, मैदान जवळ पडतंय म्हणून. पळायला ठेवली, वाळायला न्हाई.

आता मला एक सांग. माझ्या म्हशीचं दोन लिटर दूध मी डेअरीला न घालता रोज तुझ्या घरी धाडते. ते जातंय कुठं? तुझी दोन्ही पोरं मागल्या महिन्यात आलती तवा गालानं चांगली वर आलेली दिसली. मी काय म्हणत न्हाई. ज्येला त्येला कळतंय.

तुला ठाव हाय न्हवं, हिकडं काय चाललंय ते? निशाच्या बापानं इचलकरंजीचं एक स्थळ धरून ठेवलंय. पोरगा यंत्रमागावर हाय. हे म्हणत्यात, मार्चात मैदानात पास झाली तर ठीक, न्हाईतर वैशाखात लगीन. पोरीनं बारावीपास्नं एकच धरलंय, खाकी घालणार. आणि तू तिला दूध मोजून घालायलीस?

बावड्यातल्या डॉक्टरनं तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात म्हणाली. त्या लई उष्ण असत्यात. नुसत्या पाण्यातनं देऊ नगंस, पोट जळंल. पेलाभर दुधातनं दे. एवढं तरी कर.

आणि तिच्या पिशवीत पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा दिसंल, त्यावरनं तिला बोलू नगंस. ते आमच्या घराण्यातच हाय. आमची आई चुलीची माती खायची, मी पेन्सिली खाते, पोरगी माझ्यावर गेली. त्येनं काय हुईत न्हाई.

तुझी आक्का


कसबा बावडा
२० ऑक्टोबर २००२

तीर्थरूप आक्कांना बनाचा जय भीम.

तुमची चिठ्ठी वाचली आणि भाकरी तव्यावरच करपली. तुम्ही मोठ्या, तुमच्या पुढं बोलू नये, पण आज बोलणार.

आक्का, तुमच्या किटलीतलं दूध माझ्या पोरांच्या ओठाला लागलेलं नाही. तुमच्या भावानं चहाला मागितलं तरी मी पिशवीतलं दूध वापरते. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा, ते माझ्यावर यावरून फुगून बसलेत. तुमच्या लेकीला पहाटे मैदानाला जाताना एक पेला, आल्यावर एक, जेवताना एक, निजताना एक. पोट दुधानंच एवढं भरतं की ताटातली अर्धी भाकरी तशीच राहते. भाजीला तर हात लावत नाही. मी म्हणते राहू दे, दूध पोटात गेलं म्हणजे झालं. दुधात काय कमी आहे?

गोळ्या मी माझ्या हातानं देते, तुम्ही म्हणताय तशाच, दुधातनं. सकाळी एक, रात्री एक. आता अजून एक पेला वाढवते, म्हणजे तुमच्या मनाला शांती.

ती पळते, पण तिसऱ्या फेरीला छातीवर हात धरून खाली बसते. मी काल मैदानावर गेलते. विचारलं तर म्हणाली, "मी दमलो न्हाय मामी, बुटात खडा गेलता." बूट काढून बघितला. खडा नव्हता.

तुमच्या लेकीसाठी मी जीव पाखडते आणि तुम्ही माझ्या पोरांचे गाल मोजता. हे मला लागलं, आक्का. लागलं ते लागलं.

बना


हातकणंगले
२४ नोव्हेंबर २००२

चि. सौ. बना,

लागलं असंल तर लागू दे, मला बी लागलंतं. आईचं काळीज हाय, जिभेला हाड नसतंय. आता इसर.

ह्या आठवड्यापास्नं तीन लिटर धाडतेय. डेअरीचा सेक्रेटरी कुरकुरला, म्हणला आक्काताई तुमचं माप लई उतरलं. म्हणलं, म्हस माझी, धार माझी, तुमच्या पोटात का दुखतंय?

परवा धार काढताना जरा डोळ्यापुढं अंधारी आली, म्हशीनं बादली लाथाडली, म्हणून एक दिवस किटली आली न्हाई. तेवढ्यानं पोरीचा खाडा झाला असंल. वय झालं आता, दुसरं काय.

निशाचं रक्त पुन्ना तपासून घे. महिन्यावर गोळ्या खाल्ल्या म्हंजे वाढाय पायजे. न्हाई वाढलं तर ती गोळ्या टाकून देत असंल, तिच्या बापागत चवीला लई नाटकी हाय. डोळ्यापुढं गिळायला लाव.

आक्का


कसबा बावडा
८ डिसेंबर २००२

आक्कांना जय भीम.

काल रक्त तपासलं. ऑक्टोबरात सात पूर्णांक चार होतं. आता सात पूर्णांक तीन. वाढायचं सोडा, उतरलं.

आणि तुमच्यासारखंच डॉक्टर म्हणाला. कागद टेबलावर आपटला आणि भरल्या दवाखान्यात पोरीला बोलला की तू गोळ्या गटारात टाकतेस, सरकारच्या आणि आईबापाच्या डोळ्यात धूळ टाकतेस, असल्या पोरी पोलिसात जाऊन काय करणार. निशा खाली मान घालून उभी. माझं डोकं फिरलं. म्हणलं, डॉक्टरसाहेब, माझ्या डोळ्यासमोर गिळते ही. रोज संडासला काळं होतंय तिला, गोळ्या पोटात जातात याचा पुरावा पाहिजे असेल तर उद्या सकाळी डब्यातनं आणून देते. सगळा दवाखाना हसला. डॉक्टर नाही हसला. त्यानं गोळ्या बदलल्यासुद्धा नाहीत, त्याच पुढं चालू ठेवा म्हणाला.

घरी येऊन पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली. शेजारची चिमणाबाई येऊन म्हणाली, या वयात पोरी अशा सुकल्या की समजायचं कुठं तरी जीव गुंतलाय. तिला मी दारातनंच परत पाठवली. रात्री निशा म्हणाली, "मामी, मी घरी जातो. बाबा म्हणतात ते बरोबर हाय, माझ्यात दमच न्हाय."

आक्का, मला राग येतोय तो हा की सगळ्यांना पोरीचीच खोट दिसते. तुम्हाला नाटक दिसतं, डॉक्टरला खोटेपणा दिसतो, चिमणाबाईला लफडं दिसतं. कुणी तिला विचारत नाही की बाई तुला होतंय काय. मी तिला घरी पाठवणार नाही. राजारामपुरीत एक डॉक्टरीणबाई आहे, आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी तिच्याकडं जातात. शनिवारी तिला घेऊन जाते. तोवर दूध चालू आहे, पाच पेले.

बना


कसबा बावडा
१५ डिसेंबर २००२

आक्कांना जय भीम.

आधी बसा. मग वाचा.

राजारामपुरीच्या बाईंनी तिचा डोळा खाली ओढून बघितला, नखं बघितली, नखं चमच्यागत मधी खोलगट झालीत, आपल्याला कधी दिसलं नाही. मग साधा प्रश्न विचारला, "गोळी कशातनं घेतेस?" निशा म्हणाली दुधातनं. किती दूध पितेस? पाच पेले. भाकरी, भाजी? भाकरी अर्धी, भाजी नाही.

बाई माझ्याकडं वळल्या. रागावल्या नाहीत, पण मला रागावल्यासारखंच वाटलं. म्हणाल्या, गोळीत लोह असतं. दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्या लोहाला आत शिरू देत नाही, गोळी आली तशी निघून जाते, तेच काळं. चहाचंही तसंच. आणि दुधात मुळात लोह जवळजवळ नाहीच. तुम्ही पोरीचं पोट दुधानं भरलं, भाकरी-भाजीची जागा दुधानं घेतली आणि वर गोळी दुधात बुडवली. रक्त वाढणार कुठनं?

मग विचारलं, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का? निशानं पिशवीतनं तुमच्या घराण्याचा तो डबा काढला. बाई म्हणाल्या, ही सवय नव्हे, हे दुखणंच आहे. अंगातलं लोह संपलं की असली भूक लागते.

आता गोळी पाण्यातनं, नाहीतर लिंबू पिळलेल्या पाण्यातनं. दूध दिवसाला एकच पेला, तोही गोळीपासून लांब. जेवणाबरोबर चहा बंद. पालेभाजी, नाचणी, कडधान्य, अंडं, आणि खाणारे असाल तर काळीज. काल मटण आणलं. काळीज दरवेळी तुमच्या भावाच्या ताटात जातं. मी निशाच्या ताटात वाढलं. ते बघत बसले, मग पोरांना म्हणाले तुमच्या आईला आता नवरा दिसत नाही. दिसतोय की, म्हणलं, चांगला तांबडालाल दिसतोय.

गोळी दुधातनं द्या असं कुणी सांगितलं होतं ते मी लिहीत नाही. तुम्हाला आठवेल.

बना


हातकणंगले
१७ डिसेंबर २००२

बना,

वाचलं. उभं ऱ्हाऊनच वाचलं.

तुझ्या डॉक्टरणीला म्हणावं, कोल्हापुरात येऊन दुधाला नावं ठेवतेस? हितं पैलवान दुधावर वाढले, गंगावेशीत रात्री माणसं रांगा लावून म्हशीच्या आचळाखाली पेला धरत्यात, ती सगळी याडी आणि ही राजारामपुरीची शाणी? माझ्या म्हशीच्या दुधानं माझ्या पोरीचं रक्त आटलं म्हणती. असं कुणी माझ्या तोंडावर म्हणलं असतं तर जीभ हासडली असती.

व्हय, मीच सांगितलंतं दुधातनं दे. मग? मला काय सपान पडलंतं? त्या बावड्याच्या डॉक्टरनं गोळी हातात दिली तवा "पाण्यातनं घे" एवढं दोन शब्द बोलाय त्येचं तोंड झिजलं असतं व्हय? पोरीला गटारात टाकतेस म्हणायला बराच दम हाय त्येच्यात. आम्ही माणसं दुधाला अमृत म्हणतो, लेकराला दुसरं काय द्यायचं? कुणी सांगितलं न्हाई ते आम्हाला कळायचं कसं?

उद्यापास्नं किटली बंद. तुला दूध नगं तर दूध न्हाई. किटली न्हाई तर चिठ्ठी बी न्हाई. पोरीला वाळवा न्हाईतर पिकवा, आता तू आणि तुझी डॉक्टरीण बघा.

आणि पेन्सिली खाणं म्हंजे दुखणं म्हणं. मी तीस वर्सं खातेय, मी काय मेले?

आक्का


कसबा बावडा
३० जानेवारी २००३

आक्कांना जय भीम. ही टपालानं पाठवतेय, किटलीनं नाही.

दीड महिना तुम्ही बोलत नाही म्हणून मीही गप्प होते. आता गप्प बसवत नाही. दोन गोष्टी आहेत.

पहिली गोड. निशाचं रक्त नऊ पूर्णांक आठ झालं. ओठांना रंग आलाय. काल तिनं सगळ्या फेऱ्या न थांबता मारल्या आणि घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या, मला पुन्हा तवा तापवायला लागला. पेन्सिलीचा डबा तिला आता बघवत नाही, म्हणते कसं खात होतो मी हे. दुधाला नावं ठेवायची नाहीत आक्का, दूध चांगलंच. गोळीबरोबर नको, एवढंच.

दुसरी गोष्ट. शिवलिंगआण्णा तुमच्या भावाला स्टेशनावर भेटले. बोलता बोलता म्हणाले, आक्काताई आता बऱ्या आहेत का? हे म्हणाले, बऱ्या म्हणजे? तेव्हा कळलं की डिसेंबरात किटली घेऊन येताना तुम्ही हातकणंगल्याच्या फलाटावर पडला होता. डोक्याला खोक पडली, दूध सगळं सांडलं, आण्णांनी पाणी मारून उठवलं. आणि तुम्ही त्यांना शपथ घातली की बावड्यात बोलायचं नाही. तुम्ही मला भांडणाची चिठ्ठी लिहिली ती डोक्याला फडकं बांधून लिहिली होती का हो?

नोव्हेंबरात "जरा अंधारी आली" असं लिहिलं होतंत. मी वाचून पुढं गेले, मला पोरीचंच पडलं होतं. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पेन्सिली तुम्हीही खाताच की.

राजारामपुरीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आणखी कोण हे खातं. निशा म्हणाली, आई. बाई म्हणाल्या, मग आईला आणा. त्या चिठ्ठीत ते लिहायचं राहिलं, आणि नंतर तुम्ही रागात होता. आता सांगते. या.

बना


हातकणंगले
३ फेब्रुवारी २००३

चि. सौ. बना,

नऊ पूर्णांक आठ वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. म्हशीजवळ. तिला काय कळतंय, पर तिच्यावरच सगळं आलंतं म्हणून.

शिवलिंगआण्णाच्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाई. पडले ते पाय घसरून पडले. माझं काय घिऊन बसलीस? घरात वैरण, पाणी, शेण, भाकऱ्या, कोण करणार? हे म्हणत्यात बाया दुखण्याचं सोंग लई आणत्यात, मी आजवर आणलं न्हाई आणि आता बी आणणार न्हाई. दुखणं अंगावर काढायची आम्हाला सवय हाय. रक्त तपासायचं ते पोरीचं तपासा. तिला पळायचंय.

मला कुठं पळायचंय?

आक्का


कसबा बावडा
६ फेब्रुवारी २००३

आक्का,

तुम्हाला पळायचं नाही. उभं तरी राहायचं आहे का नाही?

तुमची चिठ्ठी निशाला वाचून दाखवली. तिनं बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाली, "आई आली न्हाय तर मी मैदानात उतरत न्हाय. तिला सांग, लगीन लावून टाक माझं." दोन दिवस पहाटे उठलेली नाही. ही पोरगी तुमच्यावरच गेली, पेन्सिलीतच नव्हे, हट्टातसुद्धा.

तुमचे भाऊ रविवारी एम-ऐंशी गाडी घेऊन येतील. भावजींना म्हणावं, एक दिवस शेण काढलं तर हात झडत नाहीत. हे मी लिहिलंय असं सांगा खुशाल.

बना


हातकणंगले
६ एप्रिल २००३

चि. सौ. बना हिला आक्काचा जय भीम, आणि गुंडूला, आणि गालवाल्या दोन्ही पोरांस्नी.

तू फेब्रुवारीत मला दवाखान्यात नेलंस तवा माझं डोकं बधिर झालंतं, आपलं धड बोलणं झालं न्हाई. आता दोन महिनं गोळ्या खाऊन, पाण्यातनं, डोकं ठिकाणावर आलंय. त्या दिवशी काय वाटलं ते आता लिवते.

बाईनी कागद बघितला, परत बघितला, आणि म्हणाल्या पाच पूर्णांक सहा. पोरीच्या सगळ्यात वाईट आकड्यापेक्षा बी खाली. म्हणाल्या, तुम्ही चालत आलात कशा? मग इचारलं, पाळीत जास्त जातंय का? किती दिस? बना, तीन बाळंतपणं झाली, दर महिन्याला घागर रिती व्हावी तसं गेलं, आणि ह्या जन्मात मला कुणी हे इचारलं न्हवतं. ना सासूनं, ना नवऱ्यानं, ना कुठल्या डॉक्टरनं. मी तिथं रडले ते दुखण्यानं न्हाई. रागानं रडले. ही निशा माझ्याच रक्तावर नऊ महिनं वाढली की. ती अर्धं रक्त घेऊनच जन्माला आली असणार, आणि आम्ही तिला नाटकी म्हणत बसलो.

त्या रात्री घरी आल्यावर मी ह्यांच्यापुढं कागद ठेवला. हे म्हणले, बायांचं असलं चालायचंच. मी म्हणलं, चालत न्हाई, बाया नुसत्या चालताना दिसत्यात. दुसऱ्या ऐतवारी काळीज आधी माझ्या ताटात घेतलं. हे बघत बसले. भाकरीबरोबर चहा मागितला तर म्हणलं, जेवून घ्या, चहा तासानं. वैतागले, पर पिले तासानं.

निशाचं तर तू माझ्यासंगट मैदानावर बघितलंसच. पोरगी पळाय लागली आणि तिसऱ्या फेरीला मी डोळं झाकलं. उघडलं तर ती पुढच्या चौघींत होती, आणि छातीला हात न्हवता. काल यादी लागली, मैदान पास. लेखी ऱ्हायलीय. ह्यांनी इचलकरंजीला निरोप धाडला की पोरगी शिकतेय, थांबत असशीला तर थांबा. कागद दाखवल्यापास्नं हे जरा हळू बोलत्यात.

आता खरी गोष्ट. माझा पेन्सिलीचा डबा पिठाच्या डब्यामागं हुता, टाकून द्यायला काढला. मग डोक्यात आलं. आमच्या डेअरीत सकाळी गल्लीतल्या सगळ्या बाया रांगेत उभ्या असत्यात, आणि भिंतीवर काळा फळा हाय, त्यावर दुधाचा भाव लिवत्यात. त्यातल्या निम्म्या बाया पोटुशा न्हाईतर पांढऱ्याफटक, झुंबरबाईची सून तर सातव्या महिन्यात गोळी दुधातनं घेतेय, मी डोळ्यानं बघितलं. मी डब्यातली पेन्सिल काढली आणि भावाच्या खाली लिवलं: रक्तवाढीची गोळी दुधातनं न्हाई, चहातनं न्हाई, पाण्यातनं घ्या.

सेक्रेटरी धावत आला. म्हणला, आक्काताई, दुधाच्या डेअरीत दुधाची बदनामी? आणि हातानं पुसलं. दुसऱ्या दिवशी मी परत लिवलं. त्येनं परत पुसलं. आज परत लिवलंय, आणि झुंबरबाईच्या सुनंनं दोनदा वाचलं.

पुसू दे त्येला. पेन्सिली माझ्याकडं डबाभर हायत, आणि आता त्या मी खात न्हाई.

तुझी आक्का